उभ्या सोंडेवर कावड टेकली

मंडळी, बसलात नीट? पाठीला खांब मिळाला, मांडीखाली सतरंजी आहे, डोक्यावर पंखा फिरतोय. छान. बसा. आज जे सांगायचं आहे ते या बसण्याबद्दलच आहे, म्हणून आधी बसून घेतलेलं बरं.

एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. माणूस आळशी होतो तो स्वभावानं होतो? की गाव त्याला आळशी करतं?

हे पुढचे आजोबा मान हलवताहेत. काय म्हणता, आजोबा? "स्वभावानं." बरं. आणि मागून कोण ताई बोलल्या? "मोबाईलनं." हसा, हसा. पण ज्यांच्या हातात आत्ता तो आहे त्यांनीही हसावं, नाहीतर ओळखू येता. दोन्ही उत्तरं तूर्त बाजूला ठेवू. विज्ञान शिकताना पहिला धडा हाच मिळतो — उत्तर आधी ठरवायचं नाही, आधी तपासायचं. आज आपण मिळून तपासू.

दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटातला. देवाची कावड जमिनीला टेकली, तर पाप कुणाचं? ज्याचा गुडघा वाकला त्याचं? मग त्या गुडघ्याला ज्यांनी वाढवलं, त्यांचं काय?

चाल साधी आहे. म्हणा माझ्यामागं —

देवासी बांधिले । पितळी मंदिर ।
खांद्यांचे आगर । मोडूनिया ॥

अर्थ कळला नाही? कळेल. गोष्ट संपेपर्यंत ही ओळ आपोआप उलगडेल. मृदंगबुवा, हात जरा थांबवा. अख्ख्या मंडपात हालचाल करणारे तुम्ही एकटेच आहात, तुम्हाला दमवायचं नाही.

मंडळी, ऐका.

खडकोंडी नावाचं गाव. मागं डोंगर, डोंगरावर धनेश्वर महादेव. खाली नदी. दर चैत्रात नदीचं पाणी कावडीनं डोंगरावर न्यायचं आणि देवाला अंघोळ घालायची, ही गावाची रीत. कावड म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढं येते ती श्रावणबाळाची बारकी काठी नव्हे. जाड सागवानी दांडा. त्याला टांगलेले तांब्याचे दोन मोठे रांजण, काठोकाठ भरलेले. वर कमान, कमानीला पताका. दांड्याखाली चार खांदे — पुढं दोन, मागं दोन.

आणि नियम एकच. नदीतून उचलली की देवाच्या दारापर्यंत कावड जमिनीला टेकायची नाही.

सपाटीवर काही अवघड नाही. एक दमला की दुसरा खांदा देतो. पण शेवटचा टप्पा आहे, त्याला उभी सोंड म्हणतात. डोंगराची धार अशी सरळ खाली उतरलेली, हत्तीच्या सोंडेसारखी. वाट दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. एका बाजूला कडा, एका बाजूला घसारा. तिथं खांदेपालट होत नाही. जे चौघं पायथ्याला दांड्याखाली शिरले, त्यांनीच वर निघायचं.

पुढच्या उजव्या खांद्याचा मान शेलारांच्या घराचा. दौलू शेलार यांनी तरुणपणापासून केस पांढरे होईपर्यंत तो वाहिला. मग त्यांचा मुलगा, सुभान. सुभान टेम्पो चालवतो. कांदा, कोंबडीखाद्य, लग्नाच्या खुर्च्या, जे मिळेल ते वाहतो. म्हणजे वाहतो टेम्पो, सुभान बसतो. पण भाविक पोरगा हं! कावडीच्या आधी महिनाभर अनवाणी. एकवेळ जेवण. गादी सोडून घोंगडीवर झोप. व्रतात खोट काढायला जागा नाही.

तर त्या चैत्रात काय झालं?

सकाळची वेळ. डोंगरभर माणूस. वर गुरव आरती घेऊन उभा. खाली हलगी कडाडतेय. कावड सोंडेला लागली. पुढं सुभान आणि त्याचा मित्र, मागं दोघं. "हर हर" म्हणायचं, एक पाऊल. "हर हर", एक पाऊल. पहिलं वळण गेलं. सुभानच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. तोंड उघडं पडलं. मागून कुणीतरी ओरडला, "रेट, सुभान, रेट." त्यानं पाय उचलला — आणि दुसरा गुडघा मुडपला. आधी मुडपला, मग वाकला, मग फुटक्या मडक्यासारखा बसला.

आवाज झाला. तांबं दगडावर आपटल्याचा आवाज.

मंडळी, हजार माणसांचा कल्लोळ एका क्षणात बंद झालेला तुम्ही कधी ऐकलाय? हलगी थांबली. वरची घंटा थांबली. फक्त पाणी वाहत होतं. देवाच्या डोक्यावर जायचं पाणी सोंडेवरून खाली येत होतं, धुळीतून, माणसांच्या पायांतून. आणि माणसं पाय मागं घेत होती! देवाचं पाणी, पण आता ते अंगाला लागू नये म्हणून.

कुणाच्या आठवणीत असं झालेलं नव्हतं. आजोबांच्या आजोबांच्या सांगण्यातही नव्हतं. रांजणाला पोचा पडला होता, कमान वाकली होती, आणि सुभान गुडघ्यांवर बसून श्वास शोधत होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. पाण्याबाहेरच्या माशासारखं.

त्या वेळी गावानं काय करायला हवं होतं? पाणी पाजायला हवं होतं. बरोबर? गावानं काय केलं? पंच बसवले.

वीसेक हातांनी मिळून कावड खाली पाराशी आणली, आणि दुपारी मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलं. मधोमध देवस्थानचे अध्यक्ष बागलतात्या. बाजूला गुरव. एका कडेला सरपंच, नलिनीताई मोकाशी. त्यांना पारावर बोलावलं होतं, पण बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. समोर सुभान, मान खाली. आणि गर्दीत, सगळ्यांत मागं, दौलूआबा. पोराकडं पाठ करून बसलेले.

गुरवानं रीत सांगितली. कावड ज्याच्या दोषानं टेकली त्याचा मान जातो. त्याच्या घराचा जातो. तो दोषी प्रायश्चित्त घेईपर्यंत कावड पुन्हा डोंगरावर न्यायची नाही, आणि त्या घरानं देवाची पायरी चढायची नाही.

सुभानची आई, हौसाबाई, पदर तोंडात धरून उभी. देवाच्या पायरीशिवाय त्या बाईला दुसरी जागा माहीत नव्हती.

मग सुरू झाली चौकशी.

"मटण खाल्लंस?"

"न्हाई, तात्या."

"दारू?"

"कधीच घेत न्हाई. सगळ्यांस्नी ठावं हाय."

"पायात चप्पल घातलीस मधी?"

"महिनाभर न्हाई. तळवं बघा."

"बायकोजवळ..."

हो मंडळी, तेही विचारलं. गाव ते! सुभानची बायको तिथंच उभी होती. तिनं मात्र चेहरा झाकला नाही. म्हणाली, "सासूबाईंच्या खोलीत झोपत हुते महिनाभर. तुमच्या घरात हुतं का असलं?"

तेवढ्यात हसू फुटलं, आणि लगेच विरलं. कारण बागलतात्या हसले नाहीत.

"मग केलंस तरी काय?"

सुभान म्हणाला, "काहीच न्हाई केलं, तात्या. पाय उचलला. पायच आला न्हाई."

बघा हं, मंडळी. त्याच्या पोटाची चौकशी झाली, पायताणाची झाली, अंथरुणाची झाली. गुडघ्याबद्दल एकानं विचारलं नाही. श्वासाबद्दल एकानं विचारलं नाही. आपलं असंच असतं. शरीर मोडलं की आपण पाप शोधतो, आणि शरीर मोडेपर्यंत शरीराकडं बघत नाही.

आता गर्दीत एक पोरगा होता, मोबाईल दुकानवाला. तो धीर करून म्हणाला, "तात्या, कावड जड झालीय. दरसाली नवसाचा पितळी पत्रा ठोकतोय आपण. सुभानदादाचं काय चुकलं?"

गोष्ट खरी होती! नवस फेडायचा तर कावडीला पितळेची पट्टी लावायची, अशी प्रथा पडली होती. कुणाला मुलगा झाला, लाव पट्टी. कुणाची नोकरी लागली, लाव पट्टी. दांडा दिसेनासा झाला होता. देवाला ओझं नको असतं हो, पण भक्ताला नाव कोरलेलं हवं असतं.

सगळ्यांचे चेहरे एकदम हलके झाले. सापडलं! दोष सापडला, आणि तो कुणाचाच नाही — पितळेचा आहे. बागलतात्यांनाही ते पटलं. म्हणाले, "काढा पत्रा. समदा काढा. मग जे चौघं खांदा न बदलता कावड पारापासून वेशीपर्यंत टेकवल्याबिगर नेतील, त्यांचा फुडं मान."

आता इथं जरा थांबा. हा तात्यांचा सगळ्यांत शहाणा निर्णय होता, आणि तो त्यांनी नकळत घेतला. दुखणं कशानं झालं हे कळत नसेल, तर एका वेळी एकच गोष्ट काढून बघायची. पितळ काढलं. रांजण रिकामे ठेवले. सोंड नाही, चढ नाही, कडा नाही. पार ते वेस, सरळ सपाट रस्ता. आपल्या या मंडपापासून शाळेच्या फाटकापर्यंत असेल, तेवढाच.

पहिले चौघं आले. त्यात बागलतात्यांचा पुतण्या — ज्याचे वाढदिवसाचे फलक गावभर लागतात, दंड असे फुगवलेले. फलकावर फुगवता येतात हो, काही हरकत नाही. कावड उचलली. जयघोष झाला. पारापासून पिंपळापर्यंत गेले आणि पुतण्या म्हणाला, "थांबा, थांबा, धरा." धरली, म्हणून टेकली नाही.

दुसरे चौघं. बँकेत आहे तो, प्लॉटचं काम करतो तो, आणखी दोघं शेतकरी. शेतकरी म्हणून सगळ्यांना वाटलं, हे नेतील. अहो, पण नांगर ट्रॅक्टरला, पाणी मोटारीला, मोटारीचं बटण मोबाईलला! शेतापर्यंत जायला गाडी. पिंपळाच्या पुढं गेले, शेणखताच्या ढिगापर्यंत. मग एकाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

तिसरे चौघं. चौथे चौघं.

आधी लोक हसत होते. चिडवत होते — "काय रं, पोटात गणपती बसलाय का?" मग चिडवणं थांबलं. मग कुणी कुणाकडं बघेना. नवीन चौघं पुढं यायचे ते थांबले. कावड पाराच्या दोन दगडांवर अधांतरी ठेवलेली. पितळ नाही, पाणी नाही, चढ नाही, आणि अख्ख्या खडकोंडीत ती वेशीपर्यंत नेणारे चार खांदे नाहीत.

समजतंय का, मंडळी, काय झालं ते? सकाळी गावाला वाटलं होतं, एक माणूस खाली पडला. दुपारी कळलं, अख्खं गाव कधीचं पडलेलं आहे. ते दिसलं फक्त सकाळी.  दोषी शोधायला पंच बसतात, आणि तपासता तपासता सगळं गावच पिंजऱ्यात उभं!

तेवढ्यात गर्दीच्या मागून दौलूआबा उठले.

सत्तरी ओलांडलेला माणूस. मुंडासं काढून बायकोच्या हातात दिलं. बरोबरीच्या तिघांना हाका मारल्या — "ये रं गेनू. तुक्या, ऊठ. ज्ञानू, तुझं गुडघं दुखत्यात ठावं हाय, तरी ये." चारी म्हातारे आले. सुभान म्हणाला, "आबा, नगा." आबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

चौघांनी खांदा दिला. जोर लावून नव्हे, हं. श्वास घेतला, कंबर सरळ केली, आणि मांड्यांनी उठले. पाठीनं नाही, मांड्यांनी. आणि निघाले. एका पावलानं. चौघांचं पाऊल एक. पिंपळ गेला. खताचा ढीग गेला. घामानं सदरे अंगाला चिकटले, ज्ञानूआबांचे पाय लटपटले, पण पाऊल तुटलं नाही. वेशीच्या दगडाला कावड लावली आणि तिथंच उभे राहिले. पुढं जायची ताकद नव्हती.

टाळी कुणी वाजवली नाही. अशा वेळी वाजत नाही.

बागलतात्यांना एकदम सूर सापडला. म्हणाले, "बघा. ही जुनी हाडं. घरचं दूध, घरचं तूप. आताच्या पोरांत रगच न्हाई. सुभान, बापाच्या पायाचं तीर्थ घे."

ऐकलंत? "आताच्या पोरांत रग नाही." तुमच्यापैकी किती जणांच्या मनात हेच आलं होतं? आजोबा, तुमच्या आलं होतं. मी बघितलं.

दौलूआबांचा श्वास अजून बसला नव्हता. वेशीच्या दगडाला टेकून ते म्हणाले, "कसलं तूप, तात्या? आमच्या घरी ताकाला ताक न्हवतं. तुमच्याच घरनं आय मागून आणायची. इसरला?"

आबांनी मानेवरचा घाम पुसला.

"रक्त म्हनाल, तर पोरगं माझंच हाय. घर त्येच. देव त्योच. व्रत तर त्यानं माझ्यापेक्षा कडक केलं. मी कावडीच्या दिसात लपून बिडी वढायचो, ह्यानं च्या बी सोडला." आता पहिल्यांदा ते मुलाकडं वळले. "मग मी उभा ऱ्हायलो आन् ह्यो बसला, ते कशानं?"

मंडळी, प्रश्न बघा. याला म्हणतात प्रश्न! बाप आणि लेक. रक्त एक, घर एक, भक्ती एक. एवढं सगळं सारखं असताना फरक पडला, तर जे सारखं नव्हतं ते शोधायला हवं. काय सारखं नव्हतं?

दौलूआबांनी हात लांबवला. वेशीच्या आत, उजव्या अंगाला, एक देखणी इमारत होती. गुळगुळीत फरशी, काचेचे दरवाजे, वर पितळी कळस. "कावडमंदिर" अशी सोनेरी अक्षरं. वर्षभर कावड ठेवायची ती तिथं. देवाची कावड उघड्यावर का, म्हणून गावानं वर्गणी काढून बांधलेली.

"तिथं काय हुतं?" आबा म्हणाले.

तरुण पोरांना माहीत नव्हतं. म्हाताऱ्यांना माहीत होतं, त्यांनी माना खाली घातल्या.

तिथं तालीम होती, मंडळी. तालीम आणि तिच्यापुढचं मैदान. संक्रांत झाली की त्या मैदानात सरावाची कावड निघायची — साधा बांबू, त्याला वाळूच्या गोण्या. रोज पहाटे तरुण पोरं ती खांद्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारायची. आज एक गोणी, पुढच्या आठवड्यात दुसरी. चैत्र येईपर्यंत चौघांचं पाऊल एक व्हायचं, श्वास एक व्हायचा. सोंड चढायची ती चैत्रात, पण चढायला लागायची संक्रांतीपासून. आणि सराव नसायचा तेव्हा तिथंच शाळेतली पोरं आट्यापाट्या खेळायची, पोरी लंगडी खेळायच्या, बाया सकाळी मोकळ्या चालायच्या. कुणी कुणाला "व्यायाम कर" म्हणून सांगितलं नव्हतं. जागा होती, म्हणून पाय हलत होते.

ती तालीम पाडली. मैदानावर कावडीचं घर बांधलं. सराव करायचा कुठं? रस्त्यावर? तिथं उसाचे ट्रॅक्टर. मग सराव सुटला आणि व्रत तेवढं राहिलं. ते सोपं होतं. त्याला जागा लागत नाही.

दौलूआबा म्हणाले, "कावडीला घर पायजे, म्हून ग्रामसभेत पयला हात कुणी वर केला हुता? मीच. मला वाटलं, देवाचं काम. म्या माझ्या हातानं माझ्या पोराचा खांदा काढून घेतला, आन् सकाळपासनं त्यालाच पाठ दावतोय." मग गुरवाकडं बघून म्हणाले, "दोष लिवायचा तर हितं लिवा. आन् ज्यानं ज्यानं माझ्यामागं हात वर केला, त्यानं मोकळेपणी सांगावं."

पहिला हात गेनूआबांचा वर गेला. मग तुकाराम, ज्ञानू. मग एकेक. शेवटी बागलतात्यांचाही — अर्धा, पण गेला.

देवासी बांधिले पितळी मंदिर. आता कळली ओळ? खांदे पिकायचे ते आगर म्हणजे ती तालीम. म्हणा —

देवासी बांधिले । पितळी मंदिर ।
खांद्यांचे आगर । मोडूनिया ॥

पण मंडळी, गोष्ट इथं संपली असती तर काय झालं असतं? सगळे रडले असते, घरी गेले असते आणि उद्या पुन्हा टेम्पोत बसले असते. पश्चात्तापानं मांड्या भरत नाहीत.

गुरव म्हणाला, "दोष गावाचा ठरला, तर प्रायश्चित्त गावाला." आणि ते ठरवायला ग्रामसभा बसली. यावेळी सरपंचबाई मधोमध.

बागलतात्यांनी लगेच तोड काढली. "ठराव करू. गावातल्या परतेकानं रोज व्यायाम करावा."

नलिनीताई म्हणाल्या, "तात्या, मागच्या साली दारूबंदीचा ठराव केला. सभा संपल्यावर सूचक आणि अनुमोदक दोघं कुठं गेले होते ते मी सांगू का?"

सूचकानं टोपी सारखी केली.

"ठरावानं माणूस उठत नाही," ताई म्हणाल्या. "उठून जायला जागा लागते. जायला वाट लागते. वेळ लागतो. ते आपल्या हातात आहे. तेवढं करू."

मंडळी, मी इथं उभा राहून तुम्हाला उपदेश करतो. माझा धंदाच तो. तरी सांगतो — चालत जा, व्यायाम करा, या उपदेशाचा असर मंडपाच्या दारापर्यंत टिकतो. पण शाळेजवळ मैदान असलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. सतत बसून राहिल्यानं साखर, रक्तदाब, हृदयाची दुखणी बळावतात, हे डॉक्टर सांगून सांगून थकले. माणसाला ते माहीतच असतं. माहीत असून तो बसतो, कारण गावानं उभं राहायला जागा ठेवलेली नसते.

त्या सभेत वाद झाला, साधा नव्हे! कावडमंदिराच्या भिंती काढायच्या म्हटल्यावर तात्या उठून उभे राहिले. "देवाची वास्तू पाडता? उद्या कळसाला बी हात लावाल."

दौलूआबा म्हणाले, "कळस ऱ्हाऊ द्या. खाली सावली पडंल. भिंती तेवढ्या काढू. देवाला भिंती कशाला? त्यो डोंगरावर उघडाच बसलाय."

शाळेचा विषय निघाला. मास्तर म्हणाले, खेळाचा तास आहेच की वेळापत्रकात. तेव्हा पोरांच्या आया ओरडल्या, "तासाला गणितच घेता ना, मास्तर." मास्तर म्हणाले, "अभ्यासक्रम पुरा होत नाही." ठरलं — खेळाचा तास कुणीही, कुठल्याही विषयासाठी घ्यायचा नाही. गणितासाठी नाही, पाहुण्यांच्या स्वागतासाठी नाही, आमदारांच्या सत्काराला पोरं रांगेत उभी करायची म्हणून तर नाहीच.

मग सुभानची बायको उठली. म्हणाली, "समदं बापयांचं चाललंय. आमी चालायचं कवा? दिस उगवायच्या आधी, उसाच्या कडंनं?" मग ठरलं — वेस ते शाळा हा रस्ता सकाळी आणि संध्याकाळी गाड्यांना बंद. दिवे लावायचे. मैदानात बायांचा वेळ वेगळा. आणि या सगळ्याच्या देखभालीचा वाटा गावनिधीतून दरसाल, आधी बाजूला काढायचा. उरलं तर नव्हे. शाळेत पोराला सोडायला फाटकापर्यंत गाडी आणायची नाही, हेही ठरलं. यावर सगळ्यांत जास्त भांडण झालं. आणि ज्यांची घरं शाळेला लागून, त्यांनीच केलं!

पहिली कुदळ कुणी मारावी? दौलूआबांनी ती सुभानच्या हातात दिली. म्हणाले, "मार. बांधताना पयली वीट म्या बसवली, काढताना पयला घाव तुझा." सुभाननं कुदळ घेतली. कावड टेकल्यापासून आबा लेकाशी थेट बोलले ते हे पहिल्यांदा. हौसाबाई तिथून निघाली ती थेट देवळाकडं. पायरी तिच्यासाठी मोकळी होती.

पुढं? पुढं काय, चमत्कार झाला आणि पुढच्या चैत्रात कावड वर गेली? नाही हो. मांडी अशी एका वर्षात होत नाही. पुढच्या चैत्रात कावड उचललीच नाही. देवाला साध्या तांब्यानं पाणी घातलं. त्याच्या पुढच्या साली खांदा न बदलता सपाटी पार झाली, सोंडेच्या पायथ्यापर्यंत. आणि आता यंदा पहिल्या वळणापर्यंत गेली. सुभाननं तिथं श्वास ओळखला, "मागं" म्हणाला, आणि चौघांनी ती न टेकवता, मागं मागं, उलट्या पावलानं खाली आणली.  कुणी "रेट" म्हणालं नाही. रोज पहाटे त्या मैदानात गोण्यांची कावड फिरते. आता तिच्याखाली कुणाकुणाच्या मुलीही असतात, आणि गुरवानं त्याबद्दल अजून काही विचारलेलं नाही. ज्ञानूआबा गेले. पण पाऊल कसं टाकायचं, ते शिकवून गेले.

मंडळी, आता वळतो तुमच्याकडं.

तुमच्या गावात कावड नाही. म्हणून बरं वाटतंय ना? टेकायला काही नाही, म्हणून टेकलेलं दिसत नाही. खडकोंडीला निदान आवाज तरी आला. आपल्याकडं आवाजही येत नाही. निवडणुकीला उमेदवार येतो, विचारतो, "काय देऊ?" आपण काय मागतो? कमान. प्रवेशद्वार. सभामंडप. कधी कुणी म्हणालं, "शाळेला मैदान द्या, त्याच्यावर काही बांधू नका"? "रस्ता करताय ना, मग बाजूनं चालायची वाट सोडा"? मागायला नको का? आपण मागत नाही, म्हणून वरचे विचार करत नाहीत. पोरांनी पळावं, बायांनी निर्धास्त चालावं, याची सोय करणं हे राज्य करणाऱ्यांचं काम आहे. आणि ते त्यांच्याकडून करून घेणं हे आपलं.

कोण आळशी, स्वभाव की गाव? आजोबा, आता बोला. नाही? असू द्या.

शेवटचं सांगतो. हा मंडप ज्या जागेवर उभा आहे, ती तुमच्या शाळेची जागा आहे. सप्ताह आहे, सात दिवस पोरांनी देवाला दिले, काही बिघडत नाही. पण सकाळी आलो तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यात खडी पडलेली दिसली. विचारलं, कशाला? उत्तर मिळालं, "दरवर्षी मंडप कशाला घालायचा, कायमचाच बांधून टाकू. देवाचं काम आहे."

देवाचं काम आहे! दौलू शेलारही हेच म्हणाले होते.

त्या बांधकामाचं ठरवायला उद्या सभा आहे असं कळलं. जा. हात वर करायच्या आधी आपल्या पोराच्या गुडघ्याकडं एकदा बघा. काल्याच्या दिवशी दहीहंडी फुटली, प्रसाद झाला, की सगळ्यांनी मिळून हा मंडप उतरवा. खांब उपटा. सतरंज्या झटका. आणि जाण्याआधी खांबांचे खड्डे नीट बुजवा, पायानं दाबून. दुसऱ्या दिवशी पोरं पळायला येतील. कुणाचा पाय मुरगळायला नको.